चिखलाचा तळ

पालघरचा पाऊस ज्याने चार दिवस अंगावर घेतला आहे, त्याला त्याचे वर्णन ऐकवण्यात अर्थ नाही; आणि ज्याने घेतला नाही, त्याला ते ऐकून समजण्याची आशा नाही. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक, असा हिशेब सरकारी दप्तरात सापडेल. परंतु हा ऐवज निसर्ग बारा महिन्यांच्या हप्त्यांनी देत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तो जवळजवळ एकरकमी आमच्या पदरात टाकतो, आणि मग उरलेले आठ महिने आमच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

2013 साली उपनगरी गाडी विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागली, तेव्हापासून मुंबईकरांना हा पाऊस पाहण्याची चांगली सोय झाली आहे. वैतरणेचे पूल ओलांडले की सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर अशी स्थानके येत जातात, आणि रुळांच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे फुटक्या आरशाच्या तुकड्यांसारखी पसरलेली दिसतात. खिडकीजवळचा प्रवासी शेजाऱ्याला म्हणतो, ‘काय हिरवेगार आहे हो!’ त्याचे खरेच आहे. मात्र गाडीतून रंग दिसतो, खोली दिसत नाही. त्या पाण्याखाली चिखल किती, आणि चिखलाखाली काय, हे खाचरात उतरल्यावाचून कळावयाचे नाही.

माझा व्यवसाय मराठी शिकवण्याचा. चिखलाशी माझा संबंध, विद्यार्थ्यांच्या चपलांबरोबर तो वर्गात येई तेवढाच. यंदाच्या आषाढात मात्र एका जुन्या विद्यार्थ्याने मला थेट खाचराच्या बांधावर नेऊन उभे केले. बी. ए. झाल्यावर हा मुलगा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला. आठवड्याला पाळी बदलते. कधी दिवस, कधी रात्र. घर बोईसर आणि तारापूर यांच्या मधल्या एका गावात. दोन एकर गोडी जमीन आणि खाडीच्या अंगाला अर्धा एकर खारी. वडील सत्तरीच्या घरात.

त्याने फोन केला तो असा: “सर, रविवारी बोईसरला या. तुम्हाला लिहायला विषय देतो.”

विषय काय, तर एक ट्रॅक्टर.

हकिकत अशी होती. तीन वर्षांपूर्वी घरचे बैल विकले. चारायला न्यायला माणूस नाही. जो तो पाळीवर. त्यानंतर चिखलणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर आली. भाड्याचा ट्रॅक्टर आपल्या सवडीने येतो, आणि भाताचे रोप कुणाच्या सवडीसाठी थांबत नाही. राबातले आवण साधारण तीन आठवड्यांचे, फार तर पंचवीस दिवसांचे झाले की ते उपटून लावले पाहिजे. गेल्या वर्षी ट्रॅक्टर आला तेव्हा ते महिना उलटून गेलेले होते. रोपे लावली, पण त्यांना फुटवे आले नाहीत आणि पीक निम्म्यावर आले. प्लॉटवाले दलाल दाराशी येतच होते. ‘यंदाही असेच झाले तर देऊन टाकू,’ इथपर्यंत घरातली भाषा आली होती.

तेव्हा या मुलाने साठवलेल्या पैशांतून एक जुना, लहान ट्रॅक्टर आणला तो नाशिकच्या द्राक्षबागांतून. अंगाने अरुंद, वेलींच्या दोन रांगांमधून सुळकन निघून जाणारा. पण त्याचे सगळे आयुष्य कोरड्या, टणक वाटेवर गेलेले. मृगाचे पाणी साचल्यावर त्याला खाचरात घातला, तेव्हा तो चार पावले चालला आणि तिथेच बसला. पाटावर बसावे तसा, पोट टेकून.

बोईसरला उतरून पश्चिमेला निघाले की प्रथम दुकाने, मग कारखाने आणि त्यांचे निरनिराळे वास, आणि मग पास्थळ, कुरगाव करीत तारापूरच्या समुद्राकडे जाणारा रस्ता. 1739 च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला तो या किनाऱ्यावरचा. आणि 1969 साली देशातले पहिले अणुवीज केंद्र वीज देऊ लागले तेही इथेच. अणूच्या पोटातून वीज काढण्याची विद्या जिथे साधली, तिथून तीन-चार कोसांवर चिखलाच्या पोटातून ट्रॅक्टर कसा काढावा याची विवंचना चालावी, याचे मला प्रथम हसू आले. पण दोन्हीकडे भाताशिवाय कुणाचे चालत नाही, हे ध्यानात आले तेव्हा हसू आवरले.

मिस्त्रींचे वर्कशॉप वसाहतीच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली. एरवी कारखान्यांचे जिने, कठडे, टाक्यांचे स्टँड जोडण्याचे काम. पावसाळ्याच्या तोंडाला मात्र शेतकऱ्यांची रांग. ट्रॅक्टर दारात उभा होता. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी माझ्या विद्यार्थ्याला विचारले, “तळ कुठं लागतो?”

“म्हणजे?”

“अरे, चिखलात पाय घातला की टाच टेकते ना? कुठपर्यंत जाऊन टेकते?”

“अर्ध्या नडगीपर्यंत.”

“आणि खारीत?”

“खारीत टेकतच नाही. गुडघ्याच्या वर जातो, तरी खाली मऊच.”

“मग खारीचं नाव काढू नकोस. दोन एकराचं बोल.”

वाचकहो, या ‘तळ’ शब्दापाशी क्षणभर थांबले पाहिजे. भाताचे खाचर म्हणजे नुसते पाणी अडवलेले शेत नव्हे. पिढ्यान्पिढ्या त्याच खोलीवर नांगर फिरतो, बैलांचे खूर त्याच थरावर पडतात, चिखलातली बारीक माती खाली बसत जाते. आणि वीतभर खोलीवर एक घट्ट थर तयार होतो. वर लोण्यासारखा चिखल, खाली हा तळ. पाणी झिरपून जात नाही ते त्याच्यामुळे. बैल बुडत नाही तोही त्याच्यामुळे. मग ट्रॅक्टर का बसावा? तर रबरी टायरच्या नक्षीत चिखल भरतो, चाक गुळगुळीत होते, जागच्या जागी फिरते, आणि फिरता फिरता स्वतःच आपल्याखालचा तळ कोरून काढते.

याला उपाय केजव्हील. लोखंडी पट्ट्यांचे पोकळ, पिंजऱ्यासारखे चाक. परिघावर अँगलची आडवी पाती. काही जण मागचे टायर काढून पूर्ण लोखंडी चाके चढवतात. मिस्त्रींनी टायर ठेवून त्याच्या बाहेरच्या अंगाला अर्ध्या रुंदीचे चाक जोडायचे ठरवले, आणि त्याचा व्यास टायरपेक्षा थोडा कमी धरला. टणक बांधावरून जाताना भार टायरवर. चाक चिखलात उतरले की पाती आपोआप कामाला लागतात. ही पाती सरळ न बसवता थोडी तिरपी बसवतात, म्हणजे एकेक पाते धपकन न आपटता सरकत आत शिरते. दोन पात्यांमधले अंतर हीच खरी कसोटी. पाती दाट झाली तर मधे चिखल अडकून पिंजऱ्याचा पिंप होतो. विरळ झाली तर ट्रॅक्टर लंगड्या बैलासारखा हिसके देत चालतो.

मग मिस्त्री वजनाकडे वळले. द्राक्षबागेत पकड यावी म्हणून मागच्या टायरांत पाणी भरून ठेवलेले होते. तशी चालच आहे. ते सगळे काढायला लावले. “कोरड्यात वजन मित्र, चिखलात वैरी,” असे म्हणून त्यांनी पुढच्या बंपरवरची वजने मात्र तशीच ठेवली. मागे रोटाव्हेटरचे धूड लटकणार. पुढे वजन नसेल तर ट्रॅक्टर नाक वर करील. शेवटी चाकांच्या तुंब्यांतले ऑइल सील बदलले. चिखलाचे पाणी एकदा बेअरिंगमध्ये शिरले की पुढचा खर्च इंजिनाला खर्च लाजेल असा.

हे चालले असताना मिस्त्रींच्या मुलाने फोनवर मला एक चित्रफीत दाखवली. कॅनडातला कुणी गृहस्थ कमरेएवढ्या बर्फात रुतलेले आपले वाहन फावड्याने उकरून काढीत होता. “सर, आमच्यासारखंच की हो!” असे तो म्हणाला. मी घरी येऊन त्या वाहनाविषयी मिळेल ते वाचले, आणि दोन्ही गोष्टींचे नाते माझ्या कल्पनेपेक्षा जवळचे निघाले.

या वाहनाला स्नोमोबाइल म्हणतात. पुढे दोन पट्ट्या, मागे रबराचा फिरता पट्टा. त्याच्या मुळाशी एक दुःख आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या व्हॅलकूर गावचा जोझेफ-आर्मां बोंबार्डिये हा एक यंत्रवेडा गृहस्थ. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाखाली गेलेले. इस्पितळ गाठता आले नाही आणि मूल गेले. त्या माणसाने बर्फावरून चालणाऱ्या गाडीचा ध्यास घेतला, 1937 साली दातेरी चाक आणि पट्टा यांच्या योजनेचे पेटंट मिळवले, आणि 1959 साली एकट्यादुकट्याला चालवता येईल असे हलके वाहन बाजारात आणले.

आता, हे वाहन बनवलेल्या वाटेवर चालवणे निराळे आणि डोंगरातल्या कोवळ्या, खोल बर्फात घालणे निराळे. वाटेवरच्या वाहनाचा पट्टा परिघाने एकशेवीस इंचांच्या आसपास आणि त्याची रबरी पाती इंचभर उंच. खोल बर्फात तो आमच्या द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरसारखाच बसतो. म्हणून हौशी लोक त्याला दीडशे इंचांवरचा पट्टा आणि दोन-अडीच इंचांची पाती बसवतात. एवढा पट्टा मावावा म्हणून वरचे आवरण लांबवतात, तो ओढण्यासाठी दातेरी चाके बदलून गती कमी आणि जोर जास्त करतात, पुढच्या पट्ट्या जवळ आणतात म्हणजे वाहन कुशीवर कलवता येते, आणि वजन शक्य तितके उतरवतात. हिशेब साधा आहे. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला तर जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरवर साधारण तीनशे ग्रॅम भार येतो. असे वाहन स्वारासह तीनशे किलो धरले, तरी लांब पट्ट्यामुळे तो भार पन्नास ग्रॅमच्या घरात उतरतो. माणूस जिथे मांडीपर्यंत बुडतो, तिथून हे धूड तरंगत जाते.

फरक आहे तो एकाच ठिकाणी, आणि तोच महत्त्वाचा. कोवळ्या बर्फात पाय टेकेल असा तळ नाही. म्हणून तिथे तरंगावे लागते. आमच्या गोड्या खाचराला तळ आहे. म्हणून चाकाने चिखलातून खाली जाऊन त्याला धरायचे असते. धंदा एकच, उत्तरे उलटी. आणि खारीला तळ नाही, म्हणजे आमची खार बर्फाच्या जातीची! तिथे चालेल तर पसरट पट्ट्याचे यंत्र. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या नदीमुखातल्या दलदलीत बेंजामिन होल्टचे वाफेचे ट्रॅक्टर असेच रुतत. त्याने चाके रुंद रुंद करून पाहिली, आणि अखेर 1904 च्या नोव्हेंबरात चाकांच्या जागी फिरता पट्टा लावून यंत्र चालवून दाखवले. त्याच युक्तीतून पुढे 1916 साली रणगाडा निघाला, ही गोष्ट वेगळी.

बर्फातल्या त्या स्वारांविषयी वाचताना आणखी एक गोष्ट मनात राहिली. डोंगरात जाताना ते जवळ फावडे आणि लांब सळई बाळगतात. उतारावरच्या ताज्या बर्फाखाली एखादा कच्चा थर दडलेला असला तर वरचे सगळे एकदम घसरून खाली येते आणि माणूस गाडला जातो. म्हणून जाणते लोक आधी खड्डा खणून खालचे थर तपासतात. मिस्त्रींनी ट्रॅक्टरकडे न पाहता विचारलेला प्रश्न मला आठवला. वाहन किती का सुधारा, ‘खाली काय आहे?’ हे आधी विचारलेच पाहिजे.

पुढच्या रविवारी मी बांधावर हजर होतो. आवण बावीस दिवसांचे झाले होते. लोखंडी चाके टेंपोतून आणून बांधाशीच चढवली. ती डांबरी रस्त्यावरून नेली तर रस्ता उकरून निघतो. विद्यार्थ्याच्या वडिलांनी पहाटेपासून एक काम करून ठेवले होते. हातात बांबू घेऊन त्यांनी सगळे खाचर टोचून पाहिले, आणि एका कोपऱ्यात पांढरी चिंधी बांधलेली काठी रोवली.

“मास्तर, तिथं माझ्या आज्याची विहीर होती,” ते मला म्हणाले. “बुजवून पन्नास वर्षं झाली. पण तळ नाय लागत अजून.”

ट्रॅक्टर उतरला. पहिल्या फेरीला सगळ्यांनी श्वास धरला. पाती चिखलात शिरत होती, चिखल पिंजऱ्यातून ओघळून मोकळा होत होता, आणि वेलींच्या रांगांत वाढलेला तो ट्रॅक्टर नाक खाली घालून मुकाट चालला होता. मागे बगळ्यांची रांग लागली. तीन तास काम छान चालले. मग दुपारी, वळण घेताना विद्यार्थ्याची नजर मागच्या रोटाव्हेटरवर गेली आणि मागचे उजवे चाक चिंधीच्या काठीला खेटून गेले. पाहता पाहता त्या बाजूने ट्रॅक्टर आसापर्यंत खाली.

बांधावरची मंडळी धावली. कुणीतरी ओंडका आणला. तो मागच्या चाकांना दोरखंडाने आडवा बांधायचा आणि जोर द्यायचा, म्हणजे ओंडक्यावर चढून ट्रॅक्टर बाहेर येतो, असा सर्रास समज आहे. दोर बांधायला एक जण वाकलासुद्धा. एवढ्यात मिस्त्री ओरडले, “इंजिन बंद कर! आधी खाली उतर तू!”

त्यांचा चेहरा असा मी पाहिला नव्हता. मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असे समजावले. चाक अडलेले असले आणि जोर द्यावा, तर तो जोर जाणार कुठे? चाक फिरत नाही, म्हणून ट्रॅक्टरच आसाभोवती फिरतो. पुढची चाके वर उठतात, आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत सगळा ट्रॅक्टर उलटा होऊन चालवणाऱ्याच्या छातीवर येतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. विद्यार्थ्याचे वडील काही बोलले नाहीत. त्यांनी तो ओंडका उचलला आणि दूर बांधापलीकडे टाकून दिला.

मग रोटाव्हेटर सोडवला, चाकांमागचा चिखल फावड्याने काढला, फळ्या सारल्या, आणि ज्या वाटेने ट्रॅक्टर आत गेला होता त्याच वाटेने सावकाश मागे घेतला. त्यात एक तास गेला. अंधार पडण्यापूर्वी दोन एकर चिखलणी पुरी झाली, आणि मंगळवारी संध्याकाळपर्यंत शेजारच्या पाड्यावरच्या बायांनी आवणी उरकली. आवण चोवीस दिवसांचे होते.

राहिली खार. तिथे ट्रॅक्टर नेला नाही. खाऱ्या जमिनीसाठी पनवेलच्या संशोधन केंद्राने काढलेल्या भाताचे रोप तिथे लावायचे होते. शेजारची चार घरे आली, आणि दुसऱ्या पाळीचा भोंगा होण्याआधी सगळ्यांनी मिळून पायांनी चिखल तुडवून ते अर्धे एकर लावून टाकले. माझा विद्यार्थी तसाच आंघोळ करून कारखान्यात गेला.

निघताना त्याच्या वडिलांनी मुलाला एकच गोष्ट बजावली. रोटाव्हेटर चार बोटांच्या खाली लावायचा नाही. “तळ फोडू नको. तो परत नाय करता येत.” मला वाटते, यात त्यांच्या मनातली खरी भीती होती. बैलांना तळ फोडण्याचे बळच नव्हते. त्यांच्या खुरांनी तो घडवला. यंत्राला ते बळ आहे. दरसाल थोडे मोठे यंत्र, थोडे खोल पाते, असे दहा वर्षे चालले तर एके वर्षी पाणी खाचरात उभे राहणार नाही, आणि ते का राहत नाही हे पाळीवरून घरी येणाऱ्या मुलांना कोण सांगणार? ट्रॅक्टरला लोखंडी चाके लावणे एका दिवसाचे काम. चाकाने कुठे थांबावे हे ठाऊक असलेला माणूस मात्र सत्तर वर्षांचा आहे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा इकडे कापणीची धांदल असेल. भात उचलले की त्याच ओलीवर कुठे कुठे वाल पडेल. ट्रॅक्टरची ती चाके जुन्या ऑइलचा हात देऊन पडवीत टांगून ठेवली आहेत. यंदा दोन्ही एकरांत फुटवे भरघोस आले. खारीतलेही उभे आहे. दलाल दसऱ्याला पुन्हा येऊन गेला. त्याला चहा दिला, आणि जमिनीचे बोलणे पुढच्या वर्षावर ढकलले.